घड्याळ हाक देते. ओ कोण देणार?

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका पहाटे मनगटावर कुणी हलकेच टिचकी मारावी तसे झाले आणि मला जाग आली. कन्येने पासष्टाव्या वाढदिवशी आग्रहाने हातात बांधलेल्या घड्याळाच्या काचेवर दोन ओळी उमटल्या होत्या. हृदयाचे ठोके अनियमित आढळत आहेत, हे ‘एट्रियल फिब्रिलेशन’ असू शकते, डॉक्टरांना भेटावे, असा त्यांचा आशय. छातीत दुखत नव्हते, धाप लागत नव्हती. आदल्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे चार किलोमीटर चाललोही होतो. सरकारी नोकरीच्या चौतीस वर्षांत पूर, चक्रीवादळ, दंगल अशा नाना तातडीच्या संदेशांनी मला अपरात्री उठवले आहे. पण स्वतःच्या देहाविषयीचा तातडीचा संदेश, आणि तोही देहाने काहीच तक्रार केलेली नसताना, पहिल्यांदाच येत होता.

पुढचे सारे सुरळीत पार पडले. निवृत्तीनंतर मी भुवनेश्वरला राहतो. त्याच दिवशी ईसीजी झाला, दुसऱ्या दिवशी चोवीस तास ठोके नोंदवणारे होल्टर यंत्र छातीवर चिकटले, नंतर हृदयाची टूडी इको तपासणी. झडपा ठीक, लय मात्र बिघडलेली. वय आणि जुना रक्तदाब ध्यानात घेऊन डॉक्टरांनी रक्तात गुठळी होऊ न देणारी गोळी सुरू केली. घड्याळाच्या इशाऱ्यापासून पहिल्या गोळीपर्यंत चार दिवस लागले. माझ्यापाशी निवृत्त अधिकाऱ्याला मिळणारे आरोग्य योजनेचे कार्ड होते, ओळखीचे डॉक्टर होते, दारात गाडी होती, आणि आपण फोन केला तर पलीकडून तो उचलला जाईल याची खात्री होती. त्या चार दिवसांचे श्रेय घड्याळाला किती आणि या बाकीच्या गोष्टींना किती, हा हिशेब मी तेव्हापासून करतो आहे.

त्याला कारणही तसेच आहे. आमच्याकडे बारा वर्षे एक बाई स्वयंपाक करीत असे. मुले तिला ओडिया रीतीप्रमाणे ‘माउसी’ म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. ती नबरंगपूर जिल्ह्यातली, वय चाळिशीच्या आसपास. जिना चढताना तिला धाप लागे, मध्येच ती भिंतीला टेकून उभी राही. ‘अशक्तपणा आहे’ असे निदान माझ्या पत्नीने केले, मी त्यावर शिक्कामोर्तब केले आणि लोहाच्या गोळ्या आणून दिल्या. ती गावी गेली असता ज्या दवाखान्यात दाखवून आली तिथेही तिला रक्तवाढीचेच औषध मिळाले. मला घड्याळ मिळण्याच्या आदल्या वर्षी, एका सकाळी कणीक मळता मळता तिचा उजवा हात गळून पडला आणि तोंडातून शब्द फुटेना. रुग्णालयात उलगडा झाला. लहानपणी येऊन गेलेल्या संधिज्वराने हृदयाची एक झडप अरुंद झाली होती, त्यापायी ठोक्यांची लय केव्हाच मोडली होती आणि हृदयात साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन बसली होती. माझ्या मनगटाने मला ज्याची वर्दी दिली, तोच हा लयीचा विकार. इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात आम्हाला पहिला धडा दिला गेला तो पुराव्यावाचून निष्कर्ष न काढण्याचा. ‘अशक्तपणा’ हा निष्कर्ष मी कोणत्या पुराव्यावर काढला होता? बारा वर्षांत तिच्या मनगटावर कुणी मिनिटभर बोट ठेवले नव्हते.

विकार समजायला अवघड नाही. हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदे, एका तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरत राहतात. रक्त तिथे रेंगाळते आणि साकळते. गुठळी सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो आणि गुठळीविरोधी औषधाने तो जवळपास दोन तृतीयांशाने घटतो, हे कित्येक वर्षांच्या अभ्यासांतून सिद्ध झालेले आहे. अडचण एवढीच की पुष्कळांना काही जाणवतच नाही. पहिले लक्षण पक्षाघाताचेच असते.

घड्याळ इथे उपयोगी पडते. ते त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते. रक्ताच्या प्रत्येक लाटेसरशी परत येणारा प्रकाश कमी-अधिक होतो आणि घड्याळ दोन लाटांमधले अंतर मोजत बसते. त्या अंतरांत कसलाच क्रम नाही असे पुनःपुन्हा आढळले, की इशारा येतो. काही महाग घड्याळांत दुसऱ्या हाताचे बोट कडेच्या कळीवर तीस सेकंद टेकवून ईसीजीची एक रेघही काढता येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या सोयीला सप्टेंबर २०१८ मध्ये परवानगी दिली आणि पुढच्या वर्षी ती भारतातही आली. जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण माझ्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींत याबाबत भलताच गैरसमज आहे. हे घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखत नाही. छातीत कळ येत असताना ‘घड्याळ तर काही म्हणत नाही’ म्हणून बसून राहणे जिवावर बेतू शकते.

नाडी आणि घड्याळ यांची गाठ जुनी आहे. इंग्लंडमधील लिचफील्ड येथील वैद्य जॉन फ्लॉयर यांनी १७०७ मध्ये नाडी मोजण्याच्या घड्याळावर ग्रंथच प्रसिद्ध केला. बरोबर एक मिनिट चालून थांबेल असे घड्याळ त्यांनी त्यासाठी घडवून घेतले होते. तोवर वैद्य नाडी मोजत नसत, तिचे वर्णन करीत. आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या चालीला जळू, साप, बेडूक, हंस अशा प्राण्यांच्या चालीची उपमा आहे. त्या वर्णनांवरून वैद्य जे निदान करीत त्याची आज वकिली करण्याचे कारण नाही. तरी एक गोष्ट लक्षात येते, की जुन्या वैद्याचे लक्ष चालीवर होते आणि फ्लॉयरनंतरचे लक्ष संख्येवर गेले. बहात्तर, ऐंशी, शंभर. संख्या लिहिता येते, तक्त्यात भरता येते, वरिष्ठांकडे पाठवता येते. चाल लिहिणार कशी? आमच्या प्रशासनाला संख्येचे किती प्रेम आहे हे मी वेगळे सांगायला नको.

चाल कागदावर उतरवली ती हॉलंडमधील लायडनच्या विलेम आइंटहोवेन यांनी, विसाव्या शतकाच्या आरंभी. त्यांचे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. ते रुग्णालयात नेणे अशक्य, म्हणून त्यांनी प्रयोगशाळेपासून दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयापर्यंत टेलिफोनची तार जोडली आणि रुग्णाच्या हृदयाची रेघ तारेवरून आणवली. १९२४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आज तीच रेघ मनगटावर उमटते याचे आश्चर्य आपण सारे करतो. मला त्या तारेचे अधिक अप्रूप वाटते. तारेच्या दुसऱ्या टोकाला रेघ वाचणारा माणूस बसलेला होता.

घड्याळांची परीक्षा झाली आहे काय? झाली आहे, आणि तिचे निकाल जाहिरातींपेक्षा पुष्कळ संयत आहेत. अमेरिकेत एका घड्याळ कंपनीच्याच अर्थसाहाय्याने स्टॅनफर्ड विद्यापीठाने केलेल्या अभ्यासात ४,१९,२९७ जण सहभागी झाले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी २,१६१ जणांना, म्हणजे अर्ध्या टक्क्याला, अनियमित नाडीचा इशारा मिळाला. पासष्ट वर्षांवरील लोकांत हे प्रमाण ३.१ टक्के, तर चाळिशीच्या आतल्यांत ०.१६ टक्के होते. इशारा मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर लावायची पट्टी वापरून परत पाठवली, अशा ४५० जणांत ३४ टक्क्यांना हा विकार त्या काळात आढळला. बाकीच्यांचा इशारा खोटाच होता असे नाही, कारण हा विकार येतो आणि जातो. तरीही इशारा म्हणजे निदान नव्हे, एवढे त्यातून कळते. ज्या समूहात विकार मुळात विरळ, तिथे उत्तम यंत्राचीही हाक पुष्कळदा चुकीच्या दारी जाते. गुरुग्राममधल्या तिशीतल्या निरोगी तरुणाने इशारा पाहून रात्रभर जागावे आणि सकाळी हृदयरोगतज्ज्ञांच्या रांगेत उभे राहावे, हे त्याच्याही हिताचे नाही आणि त्या रांगेतल्या खऱ्या रुग्णाच्याही.

त्याहून विचार करायला लावणारा अभ्यास डेन्मार्कचा आहे. ७० ते ९० वर्षे वयाच्या सुमारे सहा हजार लोकांपैकी काहींच्या छातीत त्वचेखाली सतत लय नोंदवणारे यंत्र बसवले, बाकीच्यांवर नेहमीचे उपचार चालू ठेवले. यंत्र बसवलेल्यांत विकार सापडण्याचे प्रमाण ३१.८ टक्के, इतरांत १२.२. शोध जवळजवळ तिप्पट, औषधेही दुपटीहून अधिक जणांना सुरू झाली. पण पक्षाघाताच्या प्रमाणातला फरक, ४.५ टक्के विरुद्ध ५.६ टक्के, संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणावा इतका नव्हता. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य कृती दलाने लक्षणे नसलेल्यांची या विकारासाठी सरसकट चाळणी करावी की नाही, हे ठरवायला पुरावा अपुरा असल्याचे नमूद केले. अधिक शोधले म्हणजे अधिक वाचवले असे गणित नाही. मी स्वतः त्या घड्याळाचा लाभार्थी असूनही हे लिहितो आहे, कारण कृतज्ञता आणि पुरावा यांची गल्लत होऊ नये.

मग या प्रश्नात राष्ट्रीय पातळीवर लिहिण्याजोगे काय आहे? हे, की पाश्चात्त्य देशांत हा विकार मुख्यतः वार्धक्याचा, रक्तदाबाचा, स्थूलतेचा आहे. आपल्याकडे त्याची एक दुसरी शाखा आहे. ४६ देशांतील रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत या विकारासह आलेल्या पंधरा हजारांहून अधिक रुग्णांची नोंद २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. उत्तर अमेरिकेतील रुग्णांत संधिज्वरजन्य झडपविकार असलेले २.२ टक्के होते. भारतात ३१.५ टक्के. आपले रुग्ण वयानेही कितीतरी लहान. संधिज्वर हा बालपणी घशाला होणाऱ्या जिवाणूसंसर्गातून उद्भवणारा आजार. दाटीवाटीची घरे आणि उपचारांचा अभाव जिथे, तिथे तो. वेळीच पेनिसिलिन मिळाले तर टळणारा. एकदा होऊन गेला तरी दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन देत राहिले तर झडप पुष्कळदा वाचते. नाही मिळाले, तर पंचविशीत धाप लागते, बाळंतपणात जीव टांगणीला लागतो आणि चाळिशीत कणीक मळता मळता हात गळतो. या लोकांच्या मनगटावर घड्याळ नाही. ज्यांच्या मनगटावर आहे त्यांना बहुधा हा आजार नाही.

बाजारात दोन-तीन हजार रुपयांना मिळणारी जी घड्याळे गेल्या काही वर्षांत आपल्या शहरगावांत सर्वत्र दिसू लागली आहेत, त्यांनी ही दरी भरून निघेल असे कुणी म्हणेल. त्यांतली बहुतेक ठोक्यांची संख्या दाखवतात, चाल तपासत नाहीत. आणि हे वैद्यकीय उपकरण नाही, असे खोक्यावर बारीक अक्षरात छापून मोकळी होतात. एप्रिल २०२० पासून आपल्या कायद्याने वैद्यकीय उपकरणे, आणि त्यांत त्यांची संगणकीय प्रणालीही, औषध नियंत्रणाच्या कक्षेत आणली आहेत. खोक्याच्या एका बाजूला हृदयाचे मोठे चित्र आणि दुसऱ्या बाजूला ते बारीक अक्षर, हा विनोद नियामकांनी किती काळ चालू द्यायचा?

औषधांच्या बाबतीतही वाट दोन ठिकाणी फुटते. माझ्यासारख्यांना नवी औषधे चालतात. रोजची गोळी, रक्ताची वारंवार तपासणी नको. त्यांतले डाबिगाट्रान २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतही आले. संधिज्वराने झडप अरुंद झालेल्या रुग्णांना मात्र जुनीच औषधे लागतात, वॉरफरिन किंवा त्याच कुळातले ॲसेनोकोमॅरॉल. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील २४ देशांत साडेचार हजार रुग्णांवर झालेल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुन्या औषधाने नव्यापेक्षा कमी मृत्यू झाले. भारतही त्या चाचणीत होता. जुने औषध स्वस्त आहे, पण तापट आहे. थोडे कमी पडले तर गुठळी, थोडे जास्त झाले तर रक्तस्राव. म्हणून दर महिन्याला, कधी त्याहून लवकर, ‘आयएनआर’ नावाची रक्ततपासणी करून मात्रा ठरवावी लागते. माउसी आता गावी असते. उजवा पाय ओढत चालते, बोलणे बरेचसे परतले आहे. गोळ्या आम्ही पाठवतो. तपासणीसाठी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. मुलाची एका दिवसाची मजुरी बुडते, बसचे भाडे दोघांचे. पावसाळ्यात दोन महिने ती गेलीच नाही. तिला घड्याळ पाठवून काय होणार होते? आपली लय बिघडली आहे हे तिला आता ठाऊक आहे.

करोनाच्या काळात आपण एका छोट्या उपकरणाचा अनुभव घेतला आहे. २०२० च्या उन्हाळ्यात दिल्ली सरकारने घरी विलगीकरणात असलेल्या रुग्णांना बोटाला लावायचे ऑक्सिमीटर दिले. त्यासोबत सूचना होती, प्राणवायू अमुक आकड्याखाली गेला की या क्रमांकावर फोन करा. बरे झाल्यावर उपकरण परत घेऊन पुढच्या रुग्णाला द्यायचे. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याच शहरात काय झाले तेही आपण पाहिले. ऑक्सिमीटर तेच होते, आकडे खरे दाखवत होते, आणि रुग्णालयांत खाट नव्हती, प्राणवायू नव्हता. इशारा देणाऱ्या यंत्राची किंमत त्यामागच्या व्यवस्थेइतकीच, हे तेव्हाइतके स्वच्छ कधीच दिसले नव्हते.

यावर दिल्लीतल्या माझ्या एका माजी सहकाऱ्याने, आरोग्य खात्यात दीर्घकाळ काम केलेल्या गृहस्थांनी, मला खडसावले. ‘रक्तदाब आणि साखर आटोक्यात आणताना दमछाक होते आहे, त्यात आता लय कुठे आणता?’ आक्षेप रास्त आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांत तीस वर्षांवरील सर्वांची पाच आजारांसाठी चाळणी होते: उच्च रक्तदाब, मधुमेह, आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग. मे २०२३ मध्ये केंद्राने साडेसात कोटी रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांना २०२५ पर्यंत प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे लक्ष्य जाहीर केले. एवढ्या मोठ्या रांगेत सहावा आजार घुसवायचा म्हणजे नवे प्रशिक्षण, नवा निधी, नवे परिपत्रक.

पण रांग तर लागलेलीच आहे. प्रत्येकाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला जातोच आहे. खरे तर नाडी अनियमित असेल तर स्वयंचलित यंत्राचा रक्तदाबाचा आकडाही भरवशाचा नसतो, म्हणून पट्टा बांधण्यापूर्वी नाडी पाहावी असे वैद्यकीय मार्गदर्शक सूचनाच सांगतात. इंग्लंडमधील ५० प्राथमिक आरोग्य केंद्रांतील पासष्ट वर्षांवरील १४,८०२ रुग्णांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अन्य कारणाने आलेल्या रुग्णाची नाडी हाताने पाहायची आणि अनियमित वाटली तरच ईसीजी काढायचा, या साध्या पद्धतीने जितके नवे रुग्ण सापडले तितकेच प्रत्येकाला बोलावून ईसीजी काढूनही सापडले. तीन बोटे, एक मिनिट. शिवाय बाजारातल्या अनेक स्वयंचलित रक्तदाबयंत्रांत ठोके अनियमित असल्यास हृदयाचे एक चिन्ह लुकलुकते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्येच अशा एका यंत्राची रक्तदाब मोजता मोजता हा विकार हुडकण्यासाठी शिफारस केली होती. म्हणजे श्रीमंताच्या मनगटावरचे घड्याळ जे काम करते, त्याच्या जवळपासचे काम करणारे उपकरण गरिबाच्या आरोग्य केंद्रात कदाचित आधीच पोहोचले आहे.

डेन्मार्कचा धडा इथेही विसरून चालणार नाही. आपण शोधायचे ते धाप लागणारे, घेरी येणारे, लहानपणी सांधे सुजून ताप आलेले आणि साठी उलटलेले. सगळ्या देशाच्या मनगटाला यंत्र बांधण्याची गरज नाही. आणि शोधण्याआधी उत्तर तयार हवे. अनियमित नाडी सापडली तर ईसीजी जवळच्या केंद्रात त्याच आठवड्यात निघावा. ती रेघ वाचायला तिथे तज्ज्ञ नसेल तर २०१९ पासून चालू असलेली ‘ई-संजीवनी’ आहेच. आइंटहोवेनची दीड किलोमीटरची तार आपल्याकडे केव्हाच देशभर पसरली आहे. बोटाच्या एका थेंबावर आयएनआर सांगणारी छोटी यंत्रे जगात वर्षानुवर्षे वापरात आहेत. ती सामुदायिक आरोग्य केंद्रापर्यंत आली तर माउसीची बस वाचेल. तामिळनाडूने ऑगस्ट २०२१ पासून ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ म्हणजे लोकांच्या शोधात वैद्यक या योजनेत रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या घरपोच करून दाखवल्या. गुठळीविरोधी औषध आणि पेनिसिलिनचे इंजेक्शन त्याच वाटेने का जाऊ नये? आयुष्मान भारतचा विमा रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होतो. पक्षाघात झाल्यावर खर्च मिळेल, तो टाळणाऱ्या बाह्यरुग्ण तपासणीचा मिळणार नाही, ही रचना कोणत्या हिशेबात बसते हे मला नोकरीत असतानाही कळले नव्हते.

माहितीच्या गोपनीयतेचा मुद्दा स्वतंत्र लेखाचा आहे, पण नोंदवून ठेवतो. २०११ च्या नियमांत वैद्यकीय माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी काढलेली होती; २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात तसा वेगळा वर्ग उरलेला नाही. माझी लय बिघडल्याचे मला कळले त्याच क्षणी ते आणखी कुणाला कळले, हे मला माहीत असायला हवे की नको?

आणि थोडे स्वतःविषयी, कारण इतरांना उपदेश करणे निवृत्तांना फार सोपे जाते. नव्वदच्या दशकात मी दक्षिण ओडिशातल्या एका जिल्ह्याचा जिल्हाधिकारी होतो. दरमहा आरोग्याची आढावा बैठक घेत असे. हिवताप, क्षयरोग, लसीकरण, कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रिया. प्रत्येकाचा रकाना, प्रत्येकाची टक्केवारी. शाळकरी मुलांच्या सुजलेल्या सांध्यांचा रकाना नव्हता, म्हणून मी कधी विचारले नाही. माउसी त्या वर्षांत आठ-दहा वर्षांची असेल.

या जानेवारीत तिला भेटायला गेलो असताना वाटेतल्या एका आरोग्य मंदिरात थांबलो. विशी-पंचविशीतली एक सामुदायिक आरोग्य अधिकारी रांगेतल्यांचे रक्तदाब भराभर घेत होती, काम नेटके. एका वृद्धाच्या वेळी यंत्रावर ते छोटे हृदय लुकलुकले. ‘हे काय?’ मी विचारले. ‘बॅटरी उतरली की तसं होतं, सर,’ ती म्हणाली. मी तिला माझी कथा सांगितली, वेळ खाल्ल्याबद्दल क्षमाही मागितली. तिने म्हाताऱ्याला ‘मौसा, जरा हात द्या’ म्हटले, मनगटावर तीन बोटे ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट थांबली. मग पुन्हा एकदा, डोळे मिटून. ‘बरोबर चालत नाही,’ ती हळूच म्हणाली. नोंदवहीची पाने पुढेमागे उलटली, रकाना सापडला नाही, तेव्हा समासात पेन्सिलीने दोन शब्द लिहिले. मग माझ्याकडे पाहून तिने विचारले, ‘आता यांना पाठवू कुठे?’